सोळा जुने कोर म्हणजे दुप्पट वेग नव्हे

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्यापाऱ्यांच्या आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक संदेश फिरत आहे: ‘भाड्याचा सर्व्हर घेताना दोन झिऑन ई५-२६७० असलेलाच घ्या, आठाऐवजी सोळा कोर मिळतात, भाडे कमी पडते, झिऑन कधी जुना होत नाही, त्याची मेमरी चुकत नाही, आणि नवे प्रोसेसर ही निव्वळ जाहिरातबाजी आहे.’ झिऑन म्हणजे इंटेलचे सर्व्हरसाठीचे प्रोसेसर, आणि कोर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग. खानापूर तालुक्यातील एका सौहार्द सोसायटीचे संगणकाचे काम पाहणारा माझा भाचा याच भरवशावर वर्षभराचा करार करायला निघाला होता. सभासदांच्या ठेवींचा हिशेब ज्यावर चालणार, तो सर्व्हर असल्या ऐकीव माहितीवर निवडला जावा, हे सहन होण्यासारखे नाही.

सोळा कोर म्हणजे दुप्पट वेग, हा यातला सर्वांत निराधार मुद्दा. ई५-२६७० हा इंटेलचा २०१२ सालचा प्रोसेसर. मूळ वेग २.६ गिगाहर्ट्‌झ, फार तर ३.३. पीएचपी या संगणकभाषेत लिहिलेल्या संकेतस्थळावर सभासदाने खातेउतारा मागितला, की ती विनंती एकाच कोरवर चालते आणि मायएसक्यूएल या डेटाबेसमधली क्वेरी, म्हणजे माहितीचा शोधही, साधारणपणे एकाच थ्रेडवर, म्हणजे एका वेळी एकाच कोरवर. उरलेले पंधरा कोर तिचे काम वाटून घेत नाहीत. सोसायटीचा सध्याचा सर्व्हरही जुन्या पिढीचाच आहे. त्यावर महिनाअखेरचे व्याज काढत असताना मी भाच्याला सर्व्हरवरचा भार दाखवणारी ‘टॉप’ ही आज्ञा सुरू करून, प्रत्येक कोर वेगळा दिसावा म्हणून १ दाबायला सांगितले. एक कोर शंभर टक्क्यांवर अडकलेला होता आणि बाकीचे जवळजवळ रिकामे. एएमडीचा २०२० चा रायझन ७ ५८००एक्स आठच कोरांचा आहे, पण एका कोरच्या कामात तो या झिऑनच्या दुपटीच्या आसपास जातो आणि सर्व कोर राबवले तरी दोन ई५ मिळून त्याच्या मागेच राहतात. नवा कोर घड्याळाच्या एका ठोक्यात अधिक सूचना पार पाडतो, म्हणून नुसत्या गिगाहर्ट्‌झची तुलना फसवी ठरते. शिवाय दोन सॉकेटच्या, म्हणजे दोन प्रोसेसर बसवलेल्या, यंत्रात एका प्रोसेसरला दुसऱ्याकडची मेमरी वाचायला वळसा पडतो.

‘झिऑन जुना होत नाही’ याला मे २०२५ मध्ये आलेल्या रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स १० या सर्व्हरच्या कार्यप्रणालीने परस्पर उत्तर दिले आहे. त्याला किमान एक्स८६-६४-व्ही३ स्तराचा प्रोसेसर लागतो. त्या स्तरात एव्हीएक्स२ हा सूचनांचा संच येतो, जो इंटेलने २०१३ मध्ये हॅसवेल या पिढीपासून दिला. ई५-२६७० मध्ये तो नाही. रेड हॅटला मिळत्याजुळत्या अल्मालिनक्स या मोफत प्रणालीने जुन्या यंत्रांसाठी वेगळी बांधणी ठेवली आहे, हे खरे. पण रेड हॅट १० साठी तयार केलेले दुसऱ्यांचे सॉफ्टवेअर तिच्यावर चालेलच असे नाही.

भाड्याबद्दल एवढेच, की ते कमी पडते म्हणून जुने यंत्र घ्यायचेच असेल, तर नुसत्या बॅकअपसाठी खुशाल घ्यावे.

मेमरीचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे. झिऑन सर्व्हरांत सहसा ईसीसी मेमरी असते, ती एका बिटची चूक स्वतः दुरुस्त करते, आणि स्वस्तात मिळणाऱ्या अनेक रायझन सर्व्हरांत ती नसते. हिशेबाच्या कामाला ती हवीच. पण त्यासाठी २०१२ मध्ये जाण्याचे कारण नाही. एएमडीच्या २०२४ च्या एपिक ४००४ मालिकेसारख्या नव्या, लहान सर्व्हर प्रोसेसरांनाही ती चालते. करारात प्रोसेसरचे पूर्ण नाव आणि ईसीसीचा स्पष्ट उल्लेख लिहून घ्यावा, पहिला महिना मासिक भाड्यानेच घ्यावा, आणि सर्व्हर हाती येताच ‘डीएमआयडीकोड’ ही यंत्राची माहिती दाखवणारी आज्ञा चालवून मेमरीच्या चूक-दुरुस्तीच्या रकान्यात ‘नन’, म्हणजे ‘काही नाही’, आले, तर तो त्याच दिवशी परत करावा.