टेलच्या गावाला रेंज कोण देणार?

गेल्या महिन्याभरात एकच मजकूर मला व्हॉट्सअ‍ॅपवर चार ठिकाणांहून आला. द्राक्ष बागायतदारांच्या गटातून, जुन्या सहकारी शिक्षकांकडून, आमच्या सोसायटीतून, आणि शेवटी भाच्याकडून. "मामा, हे खरं आहे का?" एवढंच त्याने खाली लिहिलं होतं.

मजकुराचा सारांश असा: मोबाइल ज्यांवर चालतो त्या लहरी हवेत असतात, त्या निसर्गाच्या आहेत, सरकारला त्यावर हक्क सांगता येत नाही. सरकार त्यांचा लिलाव करतं म्हणून आपला रिचार्ज महाग. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक संस्थेने, गरिबांचं फुकट इंटरनेट बंद पाडलं. सरकारने हात काढून घेतला तर कंपन्या आपणहून गावोगाव पोचतील.

मी अकरा वर्षं नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा आणि पेठ या डोंगरी तालुक्यांत शिकवलं. करोनाच्या वर्षी पोरं अभ्यासाचा व्हिडिओ उतरवायला टेकडीवर चढून बसायची, ते मी पाहिलं आहे. त्यामुळे हा मजकूर नुसता पुसून टाकणं मला जमलं नाही. एकेक म्हणणं घेतो.

लहरी निसर्गाच्या, हे खरंच आहे. पाणीसुद्धा निसर्गाचं. पण बागलाणात मोसम नदीच्या काठी आपल्या पूर्वजांनी बंधारे घालून फड पद्धत चालवली, तेव्हा पाणी सगळ्यांचं आहे म्हणून ज्याने त्याने पाट फोडावा असं ठरवलं नाही. पाणी वाटून देणारा पाटकरी नेमला, पाळ्या बांधल्या. पाळी नसली की वरचा बागायतदार भिजवत बसतो आणि टेलचा, म्हणजे पाटाच्या शेवटच्या टोकाचा, शेतकरी कोरडा राहतो. जिल्ह्यात कुठल्याही कालव्याच्या टेलला जाऊन विचारा.

लहरींचं तसंच आहे, फक्त डोळ्यांना दिसत नाही. एकाच जागी, एकाच वारंवारतेवर दोघांनी जोर लावून बोलायला सुरुवात केली तर दोघांचंही कुणाला ऐकू येत नाही. आमच्या भागात एका दुकानदाराने तळघरात रेंज यावी म्हणून बाजारातून बूस्टर आणून बसवला. त्याचा फोन लागायला लागला आणि आजूबाजूच्या तीन इमारतींतले कॉल तुटायला लागले. आम्ही दीड महिना कंपनीला दोष देत होतो. तपासणीला आलेल्या माणसांनी यंत्र फिरवून तो बूस्टर शोधला, काढायला लावला, त्याच संध्याकाळी सगळं सुरळीत झालं. परवानगीशिवाय असा बूस्टर लावणं बेकायदा आहे, हे त्या दुकानदारालाही ठाऊक नव्हतं. देखरेख नसती तर पुढच्या इमारतीने त्याहून मोठा बूस्टर आणला असता.

आणि हवेत फक्त आपले मोबाइल नसतात. नाशिकजवळ ओझरच्या विमानतळावर उतरणारं विमान मनोऱ्याशी रेडिओवर बोलतं. विमानाची जमिनीपासूनची उंची मोजणारं यंत्रही लहरींवरच चालतं. म्हणूनच नोव्हेंबर २०२२ मध्ये दूरसंचार विभागाने पुणे, नागपूरसह काही विमानतळांवर धावपट्टीच्या दोन्ही टोकांपासून २.१ किलोमीटरपर्यंत ५जीच्या ठरावीक वारंवारता-पट्ट्यातले टॉवर उभारायला मनाई केली. हा निर्णय कंपन्यांनी आपसांत, सोयीने घ्यावा असं कोण म्हणेल?

हक्काचा प्रश्न तर केव्हाच निकाली निघाला आहे. १९९३ च्या हीरो कप क्रिकेट स्पर्धेच्या प्रक्षेपणावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि केंद्र सरकार यांच्यात वाद झाला. त्यात सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी निकाल दिला. न्यायमूर्ती पी. बी. सावंत त्या पीठावर होते. लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं न्यायालयाने सांगितलं. लहरी सरकारच्याही नाहीत आणि कंपन्यांच्याही नाहीत. आपल्या आहेत, आणि सरकारने त्या आपल्या हितासाठी सांभाळायच्या आहेत. सांभाळायच्या म्हणजे विकायच्याच, असंही नाही. घरातला वाय-फाय ज्या पट्ट्यांवर चालतो त्यांना परवाना लागत नाही. ५ गिगाहर्ट्झचा मोठा भाग २०१८ मध्ये असाच खुला केला गेला, फक्त किती ताकदीने लहरी सोडायच्या याची मर्यादा घालून.

आता रिचार्जचं. लोकांना सगळ्यात पटतं ते हेच म्हणणं, म्हणून आकडे नीट पाहू. मार्च २०१५ च्या लिलावात सरकारला सुमारे १ लाख १० हजार कोटी रुपये मिळाले. त्यानंतर दीड वर्षात, सप्टेंबर २०१६ मध्ये नवी कंपनी बाजारात उतरली आणि एक जीबीला दोनशेच्या वर असलेला भाव कोसळला. उलट जून २०२४ चा लिलाव दोन दिवसांत आटोपला आणि त्यात जेमतेम ११,३४० कोटी आले. त्याच आठवड्यात तिन्ही खासगी कंपन्यांनी दरवाढ जाहीर केली, दहा ते पंचवीस टक्क्यांच्या आसपास. महाग लिलावानंतर भाव पडला, स्वस्त लिलावानंतर चढला. मग भाव ठरवतं कोण? दुकानं किती उघडी आहेत, ते. २०१२ च्या सुमारास एकेका सर्कलमध्ये, म्हणजे दूरसंचार सेवेसाठी आखलेल्या एकेका विभागात, दहा-बारा कंपन्या होत्या, आज तीन खासगी आणि बीएसएनएल. आणि मोबाइलचे दर सरकार ठरवतच नाही. ट्रायने ते कंपन्यांवर सोडले आहेत.

कुणी म्हणेल, लिलावाचे हप्ते वीस-वीस वर्षं चालतात, तो बोजा कंपन्यांवर आहेच. आहे. पण भाव बोजा पाहून ठरला असता तर २०१६ साली तो पडलाच नसता.

लहरी लिलावाशिवाय, जुन्या स्वस्त भावात वाटल्या तर काय होतं, तेही देशाने पाहिलं आहे. जानेवारी २००८ मध्ये २००१ च्या भावाने, आधी येईल त्याला आधी, या पद्धतीने २जीचे परवाने दिले गेले. एका कंपनीने सोळाशे कोटींच्या आसपास भरून परवाने घेतले आणि वर्षाच्या आतच परदेशी कंपनीला मोठा हिस्सा देऊन सहा हजार कोटींहून जास्त रक्कम उभी केली. त्या वाढीव किमतीतला रुपयासुद्धा ग्राहकाच्या बिलात वजा झाला नाही. २ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १२२ परवाने रद्द केले. फौजदारी खटल्यातले आरोपी डिसेंबर २०१७ मध्ये निर्दोष सुटले, हेही सांगायला हवं. परवाने मात्र रद्दच राहिले.

मजकूर लिहिणाऱ्याने खरी तक्रार सोडून भलतीच धरली आहे. २९९ रुपयांच्या रिचार्जमध्ये ४५ रुपये ६० पैसे जीएसटी आहे. मजुरी करणाऱ्या बाईकडूनही तो तेवढाच कापला जातो. त्यावर बोला, मी तुमच्यासोबत उभा राहीन.

दुसरी खरी तक्रार ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्याची. हिच्यावर मराठीत फार कमी लिहिलं गेलं, म्हणून थोडं थांबतो. जितकी वारंवारता कमी तितकी लहर लांब जाते, झाडीतून आणि भिंतीतून शिरते. पेठच्या वाटेवरच्या सावळ घाटाच्या पलीकडे, जिथे टॉवर विरळ आणि वस्ती डोंगराच्या कुशीत, तिथे हाच पट्टा सगळ्यात उपयोगाचा. २०१६ मध्ये सरकारने त्याची राखीव किंमत देशभरासाठी दर मेगाहर्ट्झला ११,४८५ कोटी ठेवली. एकाही कंपनीने बोली लावली नाही. २०२१ मध्ये किंमत उतरवली, तरी कुणी घेतला नाही. २०२२ मध्ये ३,९२७ कोटींवर आणल्यावर एका कंपनीने घेतला. म्हणजे सहा वर्षं डोंगरातल्या माणसाला उपयोगी पडणारा पट्टा रिकामा पडून होता. टेकडीवर बसलेली माझी पोरं याच सहा वर्षांतली आहेत. हा दोष सरकारचा आहे आणि तो मी झाकणार नाही. पण पाटकऱ्याने पाळी चुकवली तर गाव पाटकऱ्याला जाब विचारतं. पाट मोकळा सोडून घरी जात नाही.

कंपन्या आपणहून गावोगाव पोचतील, हे पुढचं म्हणणं. स्पेक्ट्रम, म्हणजे लहरींचे पट्टे, सर्कलप्रमाणे विकलं जातं. मुंबईचं सर्कल वेगळं, आपला जिल्हा महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये. ज्या कंपनीने हे सर्कल घेतलं तिच्याकडे नाशिक शहरातल्या कॉलेज रोडची लहर आहे तशीच सुरगाण्याचीही आहे. ती लहर वापरायची की नुसती ताब्यात ठेवायची, हे कंपनी गिऱ्हाइकं मोजून ठरवते. व्यापारात असंच होतं, त्यात नवल नाही. देशातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ चा. त्यानंतर सत्तावीस वर्षांनी, जुलै २०२२ मध्ये, केंद्राला ४जी न पोचलेल्या २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटींची योजना मंजूर करावी लागली आणि काम बीएसएनएलकडे द्यावं लागलं. आपणहून पोचायला कंपन्यांना कुणी अडवलं होतं?

अशा गावांसाठी पैसा येतो तो आपल्याच रिचार्जमधून. कंपन्या उत्पन्नाच्या आठ टक्के परवाना शुल्क भरतात, त्यातले पाच टक्के सार्वत्रिक सेवा निधीचे. २००२ पासूनचा हा निधी, २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्याचं नाव डिजिटल भारत निधी झालं. म्हणजे नाशिकरोडचा माणूस २९९ चा रिचार्ज करतो तेव्हा त्यातले ढोबळमानाने बारा-साडेबारा रुपये टेलच्या गावासाठी जातात. सरकारने हात काढला की पहिल्यांदा हेच रुपये बंद होतील.

ते नीट खर्च होतात का? नेहमी नाही. पेठ तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीत मी भारतनेटची, म्हणजे गावोगाव फायबर पोचवायच्या सरकारी योजनेची, पेटी पाहिली. कुलूप शाबूत, दिवा बंद, वर दप्तरांचा ढीग. फायबर रस्त्याच्या कामात तुटलेली, ती जोडायची कुणी याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. मला तिथे राग आला तो देखरेख कमी पडल्याचा.

फुकट इंटरनेट बंद पाडलं, या म्हणण्यामागे २०१६ ची गोष्ट आहे. फेसबुकची फ्री बेसिक्स योजना अशी होती, की निवडक संकेतस्थळं फुकट आणि बाकीच्या इंटरनेटला पैसे. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने नियम केला, की मजकूर पाहून डेटाचा वेगवेगळा दर लावता येणार नाही. फुकट डेटा देण्यावर बंदी नव्हती आणि नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात नव्या कंपनीने सगळ्यांना महिनोन् महिने फुकट डेटा दिला, तो या नियमात बसूनच. लासलगावचा कांद्याचा भाव कोणत्या पानावर पाहायचा हे शेतकऱ्याने ठरवावं, की कंपनीने? माझं उत्तर पक्कं आहे.

उपग्रहाचं इंटरनेट आलं की नियमांची गरज संपेल, असंही त्याच मजकुराच्या एका आवृत्तीत होतं. उपग्रहालाही लहरच लागते. तिचा लिलाव न करता प्रशासकीय पद्धतीने वाटप करण्याची तरतूद २०२३ च्याच कायद्यात आहे. तीही कुणीतरी वाटायचीच आहे.

भाच्याने शेवटी विचारलं, "पण ट्राय आपल्या काय कामाची?" त्याला सांगितलं, की नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय, २०११ ची, ती ट्रायच्या नियमांनी आली. डेटा नको असलेल्या माणसासाठी फक्त कॉल आणि एसएमएसचा रिचार्ज ठेवायला कंपन्यांना डिसेंबर २०२४ मध्ये भाग पाडलं, तेही त्यांनीच. सेवेच्या दर्जाचे नवे नियम २०२४ चे. त्यानुसार कुठे रेंज आहे याचा नकाशा कंपनीने संकेतस्थळावर लावायचा, आणि जिल्ह्यात नेटवर्क चोवीस तासांहून जास्त बंद राहिलं तर पोस्टपेडवाल्याला भाड्यात सूट आणि प्रीपेडवाल्याला मुदत वाढवून द्यायची.

भाचा पेठच्या पुढे शाळेवर आहे. त्याला म्हटलं, नकाशा उघड, तुझ्या आसपासच्या वाड्या रंगवल्यात का बघ, आणि प्रत्येक वाडीत उभं राहून फोनच्या पडद्याचा फोटो काढ, तारीख-वेळेसकट. परवा त्याने सात वाड्यांचे फोटो पाठवले. पाच वाड्या नकाशावर रंगवलेल्या आहेत. त्यांतल्या तीन ठिकाणी फोनवर एकही दांडी नाही. ट्राय एकेकट्या ग्राहकाची तक्रार घेत नाही, म्हणून आधी कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंद केली. क्रमांक मिळाला आहे. तिथे दाद लागली नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जायचं, आणि पुढे केंद्राच्या तक्रार पोर्टलवर दूरसंचार विभागाकडे. सोबत ग्रामसभेचा ठराव जोडायचा म्हणून तो सरपंचांना भेटून आला. आषाढात वीज जाते आणि टॉवरची बॅटरी तासाभरात उतरते, तेव्हा त्याच सात वाड्यांत तो पुन्हा फोटो काढणार आहे.