गळू, चीर आणि गोळ्या: काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका, गळवाला चीर द्यावी, गोळ्यांची गरजच नाही, या माझ्या पोस्टवरची तुमची कमेंट दोनदा वाचली. तुमचं म्हणणं, पुतण्याच्या काखेतलं गळू पोटीस आणि गोळ्यांवर बसलं, मग आम्ही कॅज्युअल्टीवाले ऊठसूट चीर का देतो, आणि दिली तर अँटिबायोटिक न देता घरी पाठवणं हा निष्काळजीपणा.

पुतण्याचं गळू कच्चं असणार, म्हणजे लाल, टणक, पण आत पू धरलेला नाही, तेव्हा शेक खरंच चालतो (चटका बसेल इतकं गरम पोटीस नको, भाजलेली काखपण बघितलीये मी). पण बोट ठेवल्यावर लिबलिबीत लागलं की विषय संपला, पूच्या पोकळीत रक्तच फिरत नाही तर गोळीतलं औषध पोचणार कसं? मागे एक रिक्षावाले आले, मानेवर लिंबाएवढं गळू, मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या आठ दिवस चालू, चीर दिली तर भळाभळा पू, आणि ड्रेसिंग होईपर्यंत म्हणतात, "डॉक्टर, मान वळायला लागली की!" शुगर बघितली, ३४०, त्यांना पत्ताच नाही. त्यांना अँटिबायोटिक दिलंच, शुगरवाल्यांना मी देतोच.

दुसऱ्या मुद्द्यावर मात्र तुम्ही पकडलंत मला. "गोळ्यांची गरजच नाही" हे मी जरा जास्तच ठोकून दिलं होतं. अमेरिकेतल्या ५ इमर्जन्सी विभागांतला २०१६ चा अभ्यास आहे, सगळ्यांना चीर दिली, मग निम्म्यांना को-ट्रायमॉक्साझोल हे अँटिबायोटिक आणि निम्म्यांना औषध नसलेली गोळी. औषधवाले ८०.५ टक्के बरे झाले, बाकीचे ७३.६. म्हणजे गोळीने फायदा होतो, शंभरात साताला, पण शंभरातले त्र्याहत्तर नुसत्या चिरेवरच बरे झाले ना! आणि तिकडे एमआरएसए (नेहमीच्या बऱ्याच अँटिबायोटिकना दाद न देणारा जंतू) भरपूर, तेही लक्षात घ्या.

पाय लाल होऊन सुजतो त्या सेल्युलायटिसचं (कातडीच्या संसर्गाचं) उलटं, तिथे पू नसतो, कापायचं काय, गोळ्याच. आम्ही लालीच्या कडेने पेनाने रेघ मारून पाठवतो, लाली रेघेबाहेर पसरली किंवा दिसतंय त्याच्या मानाने दुखणं भयंकर असेल तर रात्री दोन वाजले तरी परत या म्हणून सांगतो.

पोस्टमधलं ते वाक्य आज बदलतो. आणि पुतण्याला एवढं विचारा, काखेत परत परत येतंय का? येत असेल तर तो साधा गळवाचा प्रकार नसू शकतो, स्किनवाल्यांना एकदा दाखवाच.