लायब्ररीचं पुस्तक परत करायची एवढी काय घाई?

अ‍ॅडमिशन झाली, आय-कार्ड आलं, लायब्ररीचं कार्डही हातात पडलं, आता काउंटरच्या काचेवर चिकटवलेली नियमावली वाचून लगेच घाबरून जाऊ नका. एका वेळी दोन पुस्तकं, पंधरा दिवस मुदत, उशीर झाला तर रोज एक रुपया दंड असं काहीतरी तिथे लिहिलेलं असेल, कुठे दोन रुपये असतात, कुठे पाच, विद्यापीठ बदललं की आकडा बदलतो. हे वाचून जो बरोब्बर पंधराव्या दिवशी पुस्तक बगलेत मारून हजर होतो त्याला अजून विद्यापीठ कळलेलं नाही असं खुशाल समजा. त्या रुपयाला दंड म्हणायची नुसती पद्धत आहे, खरं तर ते भाडं. आणि एवढं स्वस्त भाडं अख्ख्या शहरात तुम्हाला कुठे मिळणार नाही, कॉट बेसिसवर राहणाऱ्यांनी तर यावर विशेष विचार करावा.

हिशेब करूनच बघा ना. पुस्तक समजा ४०० पानांचं, झेरॉक्सवाल्याने पानाला रुपया लावला तरी ४०० रुपये, वर स्पायरलचे वेगळे, आणि मधली दोन पानं तो तिरकी काढणार ती काढणारच. तेच पुस्तक अख्खं सेमिस्टर, म्हणजे चार महिने उशाशी ठेवलंत तर पहिले १५ दिवस फुकट आणि उरलेल्या १०५ दिवसांचे १०५ रुपये. एवढ्यात हार्डबाउंड प्रत मिळते, तिला धूळ बसली तरी ती विद्यापीठाची धूळ, तुम्हाला पुसायचं बंधन नाही. वाचायचंही नाही.

आता कोणी तत्त्वाचा प्रश्न काढलाच तर त्याला रंगनाथन ऐकवा. एस. आर. रंगनाथन म्हणजे भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक, १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले आणि १२ ऑगस्टला त्यांच्या जयंतीला प्रत्येक लायब्ररीत त्यांच्या फोटोला हार असतो. पुस्तकं वापरासाठी असतात, हा पहिला. मग तुम्ही वापरताय की, उशी म्हणून का होईना. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं, मिळालं तुम्हाला. प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, तोही मिळाला, आता दर पंधरा दिवसांनी त्या बिचाऱ्याने नवीन वाचक करत फिरावं का? वाचकाचा वेळ वाचवा, हा चौथा, म्हणजे परत करायला जाण्यात घालवू नका. आणि ग्रंथालय ही वाढती संस्था आहे, हा पाचवा, ती वाढत वाढत तुमच्या होस्टेलच्या कॉटखाली आली यात तुमचा काय दोष.

पुस्तक निवडताना मात्र डोकं वापरा. उगाच कुणी न मागणारं पुस्तक घरी ठेवण्यात काही मजा नाही. सिलॅबसमध्ये नाव असलेलं आणि लायब्ररीत तीनच प्रती असलेलं पुस्तक गाठायचं, त्यातली एक प्रत रेफरन्सला असते म्हणजे हलत नाही, दुसरी डिपार्टमेंटच्या सरांच्या नावावर असते म्हणजे तीही हलत नाही, राहिलेली तिसरी तुमची. वर्गात ६० पोरं. मग परीक्षेच्या आधी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज येईल, कोणाकडे ते पुस्तक आहे का रे, अर्जंट. तो बघायचा नाही. अगदीच कोणी नाव घेऊन विचारलं तर एका धड्याचे फोटो काढून टाकायचे, कडेला आपला अंगठा आलेला चालतो, खाली साठ जणांचे हात जोडलेले इमोजी येतात आणि आपण दानशूर कर्ण असल्यासारखं वाटतं.

मिळाल्यावर एकदा शेवटचं पान उघडून तारखांची स्लिप बघाच, वाचनीय असते. जांभळ्या शाईचे वाकडेतिकडे शिक्के, पहिले दोन-तीन दूर दूर, मग मधे कित्येक वर्षं सामसूम, आणि एकदम एकाच सेमिस्टरमध्ये शिक्क्यावर शिक्के कारण ते पुस्तक तेव्हा सिलॅबसला लागलं. आतमध्ये पेन्सिलच्या, पेनच्या, पिवळ्या हायलायटरच्या रेघा, समासात 'व्ही. इम्प.', एका ठिकाणी कुणाचा तरी सीट नंबर. आणि या सगळ्या रेघा दुसऱ्या धड्याच्या मध्यावर अचानक थांबतात, तिथून पुढे शेवटपर्यंत पुस्तक कोरं करकरीत. इतक्या पिढ्या एका ठरावीक पानावर येऊन थांबल्यात, तुम्ही काय एकटे पुढे जाणार आहात?

कार्डावरची दोन्ही पुस्तकं घेऊन झाली आणि तिसरं पण हवंय, तर घरी न्यायची गरजच नाही, स्टॅकमध्येच, म्हणजे लायब्ररीच्या आतल्या रॅकमध्येच लपवा. ड्युईसाहेबांनी १८७६ मध्ये दशांश वर्गीकरण काढलं, म्हणजे प्रत्येक विषयाला एक आकडा आणि त्या आकड्याच्या रॅकवर त्या विषयाची पुस्तकं, ते अशाच कामासाठी असावं. अर्थशास्त्राचं पुस्तक ३३० मधून उचलायचं आणि ६३६ मध्ये, पशुपालनाच्या जाडजूड ग्रंथांच्या मागे सरकवून ठेवायचं. ८९१.४६ मध्ये ठेवू नका, ते मराठी साहित्य, तिथे नेट-सेटवाली पोरं सकाळपासून ठाण मांडून असतात, लगेच सापडेल. मग कोणी ओपॅकवर, म्हणजे लायब्ररीच्या कॉम्प्युटरवरच्या यादीत शोधलं की स्क्रीनवर दिसणार 'अव्हेलेबल', रॅकवर काहीच नाही, तो विचारणार, मामा, पुस्तक दिसत नाहीये. मामांनी त्या लायब्ररीत उभी हयात घालवलेली असते, ते शांतपणे म्हणतील, बघ कुणीतरी गाई-म्हशीत घातलं असेल. मामांपासून सांभाळून.

दंड भरायचा प्रसंग आलाच तर लगेच भरू नका, कारण तसं करणं बऱ्याच ठिकाणी शक्यही नसतं. काउंटरला कॅश घेत नाहीत, चलन भरावं लागतं, चलन दुसऱ्या बिल्डिंगमध्ये मिळतं, ते भरायची खिडकी जेवणाच्या सुट्टीआधी बंद होते, आणि एवढं करून तुमचे चौदा रुपये आणि खिडकीवर सुट्टे नाहीत. कॅन्टीनला सात रुपयांचा चहा क्यूआर कोडवर होतो पण विद्यापीठाचे चौदा रुपये तीन प्रतींतल्या चलनावरच शोभतात. तेवढ्यात पुढचा रुपया चढतो. तोवर कारण तयार ठेवा, सगळ्यात चालणारं कारण म्हणजे मॅडम, पुस्तक गावाला राहिलंय. एक मॅडम यावर पोराला म्हणाल्या होत्या, मग पुस्तकाला फोन कर आणि सांग दिवाळी संपली, ये आता. अशा मॅडम असतील तर दुसऱ्या शिफ्टला जा.

आणि हे सगळं करताना मनात अपराधी वगैरे वाटायला लागलं तर डिपार्टमेंटमध्ये एक चक्कर मारून या. सरांच्या केबिनमधलं काचेचं कपाट बघा, आतल्या पुस्तकांच्या पाठीवर लायब्ररीचे कॉल नंबर पिवळे पडलेत. विद्यार्थ्याला दंड आणि सरांना स्मरणपत्र अशी आपल्याकडची विभागणी आहे, स्मरणपत्र सर त्याच पुस्तकात खूण म्हणून घालतात. ती पुस्तकं हलतात थेट रिटायरमेंटला, कारण पेन्शनच्या कागदांना लायब्ररीचं नो ड्यूज, म्हणजे काही येणं बाकी नाही असा दाखला लागतो, तेव्हा मग शिपाई ढकलगाडी घेऊन येतो आणि त्या पुस्तकांचा विषय तोवर सिलॅबसमधून गेलेला असतो. यात आपणच मागासलेले आहोत असंही नाही. केंब्रिजच्या सिडनी ससेक्स कॉलेजातून सतराव्या शतकात वॉलपोल घराण्यातल्या एकाने, म्हणजे पुढे ब्रिटनचा पहिला पंतप्रधान झालेल्या वॉलपोलच्या वडिलांनी, नेलेलं पुस्तक एका सरदाराच्या हवेलीत सापडलं आणि २८८ वर्षांनी परत आलं, गिनीज बुकात त्याची नोंद आहे आणि दंड घेतला शून्य. चौदा दिवस उशीर केलात तर चौदा रुपये, २८८ वर्षं केलात तर रेकॉर्ड. उशीर करायचाच तर खानदानी करावा.

पुस्तक हरवायचं असेल तर सरकारही तुमच्याकडून आहे. केंद्र सरकारच्या २०१७ च्या जनरल फायनान्शियल रूल्समध्ये, म्हणजे सरकारी पैशाच्या नियमावलीत लिहिलंय की वर्षभरात वाचायला दिलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच गहाळ झाली तर ते वाजवी समजावं, फक्त त्यात कोणाची लबाडी किंवा हलगर्जी नसावी. आता ही अट पाळून पुस्तक कसं गहाळ होतं हे नियमात दिलेलं नाही, बहुधा ते स्वतःच उठून जात असावं. हजार रुपयांच्या वरचं पुस्तक गेलं तर मात्र चौकशी करावी असंही आहे, तेव्हा किंमत बघून हरवा. जुनी मराठी पुस्तकं यासाठी उत्तम, मागे छापील किंमत बारा रुपये, दुप्पट-तिप्पट लावली तरी एका मिसळीत भागतं. लायब्ररी म्हणेल की नवीन प्रत आणून द्या, तुम्ही म्हणा आउट ऑफ प्रिंट आहे, आणि ते खरंच असतं, प्रकाशकाचं दुकानच राहिलेलं नसतं. मग रजिस्टरला लाल शाईत 'किंमत वसूल' असा शेरा पडतो आणि कागदोपत्री पुस्तक परत आलं. यापुढे ते वाचायला मागणाऱ्याने पावती वाचावी.

एवढं सगळं निस्तरायचा दिवस एकच, डिग्री घेऊन जाताना नो ड्यूजचा फॉर्म. होस्टेल, जिमखाना, लॅब सगळीकडे न बघता सह्या मिळतात, लायब्ररीत मात्र कॉम्प्युटर उघडतात. त्या दिवशी पुस्तक घेऊन जा, दंड झाला असेल तो अनामत रकमेतून कापा म्हणा, पण कापण्याआधी भांडा. रविवार धरले का, दिवाळीची सुट्टी धरली का, अमुक दिवशी तर बंद होता त्याचा रुपया कसा लावला, मोबाईलचा कॅलेंडर उघडून एकेक तारीख दाखवा, मागे रांग लागू दे. मॅडम वैतागून सहा-सात रुपये कमी करतील, ते सोडू नका, तुमच्या हक्काचे आहेत. आणि पावती घेऊन बाहेर पडताना ग्रुपवर मेसेज टाकणारा तो पोरगा दारात भेटला आणि विचारलंच, दादा, आलं का ते पुस्तक, तर त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगा, आलंय रे, आत्ताच जमा केलं, पण आता तुला काय उपयोग, या वर्षीपासून सिलॅबस बदललाय.