आजारी माणसालाही प्रश्न पडतात

दीर्घ आजार असलेल्या माणसाने काही नवं शिकायला घेतलं की आजूबाजूचे म्हणतात, "बरं झालं गं, तेवढंच मन रमतं." प्रेमानेच म्हणतात, पण मला ते पटत नाही आणि आज जरा सविस्तर लिहिते. मला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे, आपण ज्याला आमवात म्हणतो तो. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. मी दोन सुयांवर विणते आणि विज्ञानाचं हाती लागेल ते वाचते. दुखणं विसरायला म्हणून नव्हे. सूज आलेली बोटं विसरता येत नाहीत. मला प्रश्न पडतात आणि त्यांची उत्तरं हवी असतात, इतकं सरळ आहे हे.

विणकामाचंच घ्या. एक सुई (म्हणजे एक ओळ) सुलट, एक सुई उलट अशी साधी वीण घातली की पट्टी सुईवरून उतरताच वळायला लागते. डाव्या-उजव्या कडा मागे वळतात, वरखालच्या पुढे. आमच्या आईच्या पिढीतल्या बायकांना हे तोंडपाठ होतं, म्हणून तर स्वेटरला खाली एक टाका सुलट, एक टाका उलट अशी बॉर्डर. पण पट्टी वळते का? प्रत्येक टाका म्हणजे वाकवलेला धागा, आणि वाकवलेला धागा सरळ व्हायला बघतो. साध्या विणीत उलट ओळ कापडाच्या मागच्या बाजूने विणली जाते, म्हणून सगळे टाके एकाच बाजूने ओढलेले असतात, त्यामुळे त्यांचा जोरही एकाच बाजूला पडतो. बॉर्डरसारखे एकाच ओळीत उलट टाके मधे मधे आले की हे जोर एकमेकांना तोलतात आणि कापड सपाट राहतं.

अमेरिकेत जॉर्जिया टेक विद्यापीठात एलिझाबेटा मात्सुमोतो नावाच्या भौतिकशास्त्रज्ञ आहेत, त्या स्वतः विणतात. त्यांच्या गटाने २०२४ मध्ये याच नेहमीच्या विणी ताणून, मोजून, त्यांचं गणित मांडलं. धागा फारसा ताणला जात नसतानाही कापड ताणलं जातं, ते टाक्यांच्या आकारामुळे. सुलट आणि उलट हे दोनच टाके, पण त्यांचा क्रम बदलला की त्याच लोकरीचं कापड वेगळं वागतं. हे वाचल्यावर मला राहवेना. एकाच गुंड्याच्या, सारख्याच टाक्यांच्या तीन पट्ट्या विणल्या: साधी, बॉर्डरची, आणि आडव्या-उभ्या दोन्ही दिशांनी एकाआड एक सुलट-उलट अशी दाणेदार. प्रत्येकीची एक बाजू कपडे वाळवायच्या चिमट्यांनी दोरीला धरली, दुसऱ्या बाजूला जुन्या तराजूतलं ५० ग्रॅमचं वजन टांगलं आणि भाचीच्या कंपासपेटीतल्या पट्टीने मोजलं. बॉर्डरची वीण आडवी इतकी ताणली गेली की भाची म्हणाली, "मावशी, वजन काढ, फाटेल." वजन काढलं, वीण पुन्हा जागेवर. शाळेत स्प्रिंगचा नियम पाठ केला होता, तो असा हातात आल्यावर कळला.

हे सगळं दुपारी चालतं. सकाळी बोटं मिटत नाहीत. यालाही कारण आहे: इंटरल्युकिन-६ नावाचं सूज वाढवणारं प्रथिन या आजारात पहाटेच्या सुमारास सर्वांत जास्त असतं. हे कळल्यापासून मी सकाळच्या त्या एक-दीड तासावर चिडत नाही, कामं पुढे ढकलते. आणि सूज जास्त असेल तेव्हा सुया कपाटात. विणल्याने आमवात बरा होतो असे जे मेसेज फिरतात, ते कृपया मला पाठवू नका.

क्ष-किरणांनी स्फटिकातली अणूंची रचना शोधणाऱ्या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ डोरोथी हॉजकिन यांच्याबद्दल आपल्याकडे अजून बोललं गेलं पाहिजे. १९३४ मध्ये केंब्रिजला बर्नाल या शास्त्रज्ञांनी पेप्सिन या पाचक प्रथिनाच्या स्फटिकाचा पहिला चांगला क्ष-किरण फोटो काढला, त्या दिवशी त्यांची ही तरुण सहकारी दुखरे हात दाखवायला लंडनला स्पेशालिस्टकडे गेली होती. वय २४, निदान हेच, माझंच. त्यानंतर त्याच हातांनी त्यांनी पेनिसिलिनची रचना शोधली, मग बी-१२ जीवनसत्त्वाची, आणि १९६४ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळवलं. इन्सुलिनचं काम त्यांनी १९३०च्या दशकात हाती घेतलं होतं, ते उलगडलं १९६९ मध्ये. त्या चमूत आपले एम. विजयन होते, जे पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले. एक्स-रे यंत्राचा खटका बोटांना दाबवेना तेव्हा हॉजकिनबाईंनी त्याला लांब दांडा बसवून घेतला. दुखण्यावर मात केली वगैरे वाक्यांपेक्षा मला तो दांडा मोलाचा वाटतो. स्फटिकात अणू कसे बसलेत ते त्यांना बघायचं होतं, म्हणून खटका हाताला जमेल असा करून घेतला.

मी आमवातासाठी आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट हे औषध घेते. सुरुवातीला एका डॉक्टरांना विचारलं, हे रोज का नाही? ते म्हणाले, "मॅडम, एवढ्या खोलात नका जाऊ." वास्तविक हे औषध चुकून रोज घेतलं तर जिवावर बेततं, म्हणजे खोलात जाणं पेशंटच्याच कामाचं. पुढच्या डॉक्टरांनी केसपेपरच्या मागे दोन रेणू काढून दाखवले, एक फॉलिक ॲसिडचा, एक या औषधाचा. इतके सारखे की फॉलिक ॲसिड वापरणारं शरीरातलं एन्झाइम फसतं आणि औषधालाच धरून बसतं. घरी येऊन वाचत बसले तर भीमवरमला १८९५ मध्ये जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव भेटले. अमेरिकेत लेडर्ले कंपनीत त्यांच्या चमूने फॉलिक ॲसिड प्रयोगशाळेत बनवलं आणि फॉलिक ॲसिडला अडवणारी ही औषधंही. १९४८ मध्ये सुब्बाराव गेले. आमवातासाठी मेथोट्रेक्सेटला अमेरिकेत मान्यता मिळाली १९८८ मध्ये. म्हणजे आठवड्याची माझी गोळी आणि तिचा त्रास कमी व्हावा म्हणून घ्यायची फॉलिक ॲसिडची गोळी, दोन्ही एकाच माणसाच्या टेबलावरून आलेल्या. शाळेत हे नाव मला कुणी सांगितलं नाही, याची खंत वाटते.

आणि २०२० आठवतंय ना? आमच्या नेहमीच्या औषधांपैकी एक, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, कोरोनावर चालतं अशी हूल उठली आणि आम्हा आमवाताच्या, ल्युपसच्या (तोही प्रतिकारशक्ती उलटण्याचाच आजार) पेशंटना औषधाच्या दुकानांतून हात हलवत परत यावं लागलं. जूनमध्ये ऑक्सफर्डच्या रिकव्हरी चाचणीने दाखवलं की दवाखान्यात दाखल झालेल्या कोरोना रुग्णांना त्याचा फायदा नाही. चाचणी म्हणजे काय, तुलनेसाठी दुसरा गट का लागतो, हे तेव्हा जास्त लोकांना माहीत असतं तर आमच्या गोळ्या आम्हाला मिळाल्या असत्या. म्हणून मी म्हणते, आजारी माणसाचं कुतूहल विरंगुळ्याच्या खात्यात टाकू नका.

विज्ञानाची व्याख्यानं भरवणाऱ्यांना एक विनंती. मागे एका ठिकाणी विषय इतका सुंदर होता, पण सभागृह दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. पायरीवर बसून परत आले. खाली खोली नसेल तर निदान रेकॉर्डिंग टाका. आम्ही रात्री दोनलाही ऐकतो, झोप नसतेच.

आता पुढचं काम. दर ठरावीक टाक्यांनंतर एक टाका वाढवत गेलं की कापड कोंबड्याच्या तुऱ्यासारखं चुण्या घेत पसरतं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या गणितज्ञ डायना तायमिना यांनी १९९७ मध्ये क्रोशाने असा चुण्या घेत पसरणारा पृष्ठभाग केला, गणितात त्याला हायपरबोलिक म्हणतात, कारण तो कागदाचा टिकत नव्हता. मला तो दोन सुयांवर करून बघायचाय. दहा नंबरच्या धातूच्या सुया थंडीत बोटांना सोसत नाहीत, त्यामुळे आठ नंबरच्या, बांबूच्या, मधे केबल असलेल्या सुया हव्यात. केबलमुळे विणलेल्याचं वजन मांडीवर येतं, मनगटावर नाही. पुण्यात कुठे मिळतात ते माहीत असेल तर दुकानाचं नाव कमेंटमध्ये टाका. लक्ष्मी रोडला दोन दुकानं बघून झाली आहेत.