फक्त खुणेवर जाऊ नका

एका लेखात पोर्सेलिनची (चिनी मातीची) रंगीत पुतळी अठराव्या शतकातली सेव्र, म्हणजे फ्रान्सच्या राजाच्या पोर्सेलिन कारखान्यातली, ठरवली आहे. त्या कारखान्याची खूण, गुंफलेले दोन 'एल', दिसली म्हणून असं ठरवणं घाईचं आहे. त्या काळच्या सेव्र पुतळ्या बहुतेक बिनझिलईच्या, पांढऱ्या बिस्किट पोर्सेलिनच्या. झिलई, गुलाबी-सोनेरी रंग आणि वर ही खूण, म्हणजे बहुधा एकोणिसाव्या शतकातली पॅरिसची नक्कल. जाकोब पेती (Jacob Petit) या एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच पोर्सेलिन कारखानदाराच्या मालावर निळं 'जेपी' असतं, पण तीही खूण नंतर नकललेली आहे.

बोटं, फुलांच्या पाकळ्या आणि मान अंधारात यूव्ही (अतिनील किरणांच्या) टॉर्चखाली बघा. डागडुजीची जागा वेगळी चमकते. लेसचा झगा असेल तर पाण्यात बुडवू नकाच. खरी लेस पातळ पोर्सेलिन-मातीत बुडवून भाजलेली असते. धागा जळून जातो, उरते नुसती पोकळ जाळी. कोरडा मऊ ब्रश पुरे.