धंद्यात पडताय? आधी ब्रॅडफर्डला जाऊन या

नोकरीचा वीट आलाय, साहेबाचं तोंड बघवत नाही आणि आता 'स्वतःचं काहीतरी' सुरू करायचंय. अभिनंदन. फक्त ते शनिवार-रविवारचं उद्योजक घडवणारं शिबिर आहे ना, त्याचे पैसे भरू नका. तिथला माणूस फळ्यावर 'सचोटी' आणि 'चिकाटी' लिहील, मधल्या सुट्टीत गार वडा देईल आणि निघताना पुढच्या शिबिराची पावती फाडील. धंदा शिकायचा तर राणी व्हिक्टोरियाच्या अमदानीतल्या ब्रॅडफर्डला जा.

इंग्लंडातल्या यॉर्कशरमधलं हे गाव. १८०१ साली वस्ती जेमतेम १३ हजार, १८५१ साली लाखाच्या वर. सगळी करामत लोकरीच्या कापडाची. गिरणीला गिरणी लागून उभी आणि धुराडी इतकी की सूर्य उगवला की नाही हे घड्याळात बघायचं. पण एकदम गिरणी काढायला निघू नका. अंथरूण पाहून पाय पसरावेत. लाख माणसं म्हणजे लाख तोंडं, आणि तोंड म्हटलं की त्यात टाकायला काहीतरी हवं. तेव्हा सुरुवात पेपरमिंटच्या गोळ्यांपासून.

कृती सोपी. साखर, डिंक, पेपरमिंटचं तेल. साखर पौंडाला साडेसहा पेनी. इथे नवशिका गडबडतो आणि गोळीत चक्क साखर घालून बसतो. मग त्याची गोळी महाग होते, आणि गिरणीतली बाई शनिवारचा पगार घेऊन त्याच्या समोरून शेजारच्या गाड्याकडे निघून जाते. तुम्ही हा वेडेपणा करू नका. बाजारात 'डॅफ' नावाची पांढरी भुकटी मिळते, पौंडाला अर्धी पेनी. एका पौंड साखरेच्या पैशांत तेरा पौंड डॅफ. हा हिशेब ज्याला रात्री झोपू देत नाही, त्यानं खुशाल धंद्यात पडावं.

डॅफ म्हणजे काय, हे खरं तर विचारायचं नसतं. तरी सांगतो. दळलेलं जिप्सम, नाहीतर चुनखडी. दर भाद्रपदात आपल्याकडे ज्या पीओपीवरून वाद पेटतो, त्याच कुळातली वस्तू. मूर्ती गिऱ्हाइकाच्या पोटात बसते, एवढाच फरक. विसर्जनाचं ज्याचं त्यानं बघावं.

आता मर्माची गोष्ट. जे काही करायचं असेल त्याचे तुकडे पाडा आणि एकेक तुकडा एकेकाच्या हातात ठेवा. प्रत्येकाला आपापल्या तुकड्यापुरतं माहीत असावं. पुढेमागे काही झालंच तर साहेब येईल, पंचनामा होईल, आणि प्रत्येक जण हात वर करून म्हणेल, 'माझं काम एवढंच होतं हो.' आणि ते खरंही असेल.

याचा उत्तम नमुना १८५८ च्या ऑक्टोबरअखेरीस पाहायला मिळतो. स्टोन स्ट्रीटवर जोसेफ नील नावाचा गोळ्या करणारा होता. डॅफ संपलं. तो स्वतः गेला नाही. घरात जेम्स आर्चर नावाचा भाडेकरू होता, त्याला धाडलं. तीन मैलांवर शिप्लीला चार्ल्स हॉजसन या औषधविक्याचं दुकान. हॉजसन नेमका आजारी. दुकानात विल्यम गॉडर्ड हा मदतनीस. त्यानं मालकाला विचारलं, डॅफ कुठे ठेवलंय? मालक म्हणाला, माळ्यावर, कोपऱ्यातल्या पिंपात.

जरा त्या माळ्यावर चढून बघा. पिंपावर धड चिठ्ठी नाही. आत पांढरी भुकटी. शेजारच्या पिंपातही पांढरीच भुकटी. गॉडर्डनं एका पिंपात हात घातला, बारा पौंड तोलून बांधले आणि आर्चरच्या स्वाधीन केले. ते आर्सेनिक होतं. आपल्याकडे ज्याला सोमल म्हणतात, ते.

तुम्ही म्हणाल, विष असं वाण्यासारखं तोलून देतात होय? छे, छे. कायदा होता. १८५१ मध्ये खास आर्सेनिकसाठी कायदा झाला होता. विकताना वहीत नोंद करायची, घेणाऱ्याचं नाव लिहायचं, आणि किरकोळ विकायचं तर त्यात काजळी किंवा नीळ मिसळायची, म्हणजे कोणी चुकून साखर समजून खाऊ नये. बघा, ज्या देशात गोळीत जिप्सम मिसळायला आडकाठी नव्हती, तिथे विषात मात्र मिसळ कायद्यानं सक्तीची होती. पण गॉडर्ड विष विकतच नव्हता, डॅफ विकत होता. डॅफची कसली नोंद आणि कसली नीळ?

माल नीलकडे आला. गोळ्या वळायला जेम्स ॲपल्टन नावाचा अनुभवी कारागीर होता. चाळीस पौंड साखर, बारा पौंड भुकटी, चार पौंड डिंक, वर पेपरमिंटचं तेल. मळता मळता त्याचे हात आणि दंड दुखायला लागले, उलट्या झाल्या. गोळ्याही नेहमीसारख्या दिसेनात. अनुभवी माणूस ठेवण्याचा हा तोटा, त्याला फरक कळतो. फायदा असा की त्याच्या कळण्यानं काही अडत नाही. माल तयार झाला आणि दुकानदाराकडे गेला.

दुकानदार विल्यम हार्डेकर. ग्रीन मार्केटमध्ये त्याचा गाडा. लोक त्याला 'हम्बग बिली' म्हणत, कारण तिकडे अशा गोळीला हम्बग म्हणतात. हम्बगचा दुसरा अर्थ लबाडी, पण तो भाषेचा दोष, बिलीचा नाही. बिलीनं गोळ्या पाहिल्या. रंग वेगळा. आता इथे वही काढा आणि लिहून घ्या, कारण कच्चा आणि पक्का व्यापारी इथेच कळतो. कच्चा म्हणाला असता, 'हा माल असा का दिसतोय?' बिलीनं विचारलं, 'मग भाव किती कमी करताय?' भाव कमी झाला. प्रश्न मिटला. बिलीनं त्यातली एक गोळी स्वतः खाल्ली आणि आजारी पडला. तरी शनिवारी, ३० ऑक्टोबरला, पाचएक पौंड गोळ्या खपल्या. आजारपणातही धंदा बंद न ठेवण्याचा हा गुण आजकालच्या पोरांत राहिलेला नाही.

एका गोळीत दोन माणसं मरतील एवढं आर्सेनिक होतं. पहिली मुलं गेली तेव्हा कॉलरा असावा असं वाटलं. मग मृत्यू वाढत गेले, डॉक्टरांना संशय आला, फेलिक्स रिमिंग्टन या रसायनतज्ज्ञानं गोळ्या तपासल्या आणि उलगडा झाला. वीसएक माणसं दगावली, दोनशेच्या आसपास आजारी पडली.

आता तुमची परीक्षा. दोषी कोण? बिलीनं फक्त विकल्या. ॲपल्टननं फक्त वळल्या. आर्चरनं पुडकं वाहिलं. गॉडर्ड सांगितलेल्या माळ्यावर चढला. हॉजसन अंथरुणात होता. आणि नील? त्यानं तर आर्सेनिक मागितलंच नव्हतं. सरळ, साध्या भेसळीची ऑर्डर दिली होती, तीच शुद्ध मिळाली नाही. हॉजसन, गॉडर्ड आणि नील यांच्यावर मनुष्यवधाचा आरोप ठेवला. पुढे गॉडर्ड आणि नील यांच्यावरचा मागे घेतला गेला. हॉजसनवर यॉर्कला खटला चालला आणि २१ डिसेंबरला तो सुटला. नाताळ घरी. बघितलंत ना, तुकड्यांचा गुण? सगळ्यांनी मिळून केलं आणि कोणीच केलं नाही.

एवढ्यानं काही मंडळी बिथरली आणि १८६० मध्ये भेसळविरोधी कायदा आला. घाबरू नका, कायदा वाचून काढा. गावच्या कारभाऱ्यांना वाटलं तर त्यांनी तपासनीस नेमावा. नाही वाटलं तर नेमू नये. फार थोड्यांना वाटलं. तपासणीचा खर्च तक्रार करणाऱ्यानं सोसायचा. आणि मुख्य म्हणजे, दुकानदारानं जाणूनबुजून भेसळीचा माल विकला हे सिद्ध करायचं. म्हणून सांगतो, माहिती ही धंद्यातली सगळ्यात महाग वस्तू आहे, विनाकारण साठा करू नका. दातवाला कायदा यायला १८७५ उजाडलं. तोवर तुमच्या गोळ्यांतून तुमची माडी उभी राहिलेली असेल.

गोळ्यांत पैसा झाला की लोकरीत या. तिथे एक अडचण आहे, लोकर निवडणारी माणसं अधूनमधून मरतात. तुर्कस्तानातल्या वान भागातून येणारं मोहेर, म्हणजे बकरीची लोकर, आणि पेरूकडच्या अल्पाका या जनावराची लोकर यांच्या गासड्या सोडल्या की धूळ उडते, छातीत जाते, आणि सोमवारी धडधाकट असलेला माणूस आठवड्याभरात संपतो. ही जनावरांच्या अँथ्रॅक्सचीच लागण, हे १८८० च्या सुमारास डॉक्टरांनी दाखवून दिलं. तुम्ही त्या वादात शिरू नका, नावावर लक्ष ठेवा. तिथल्या लोकांनी या रोगाला काय नाव दिलं होतं? 'लोकर निवडणाऱ्यांचा आजार'. वा! ना मालाचं नाव, ना मालकाचं. जणू हे निवडणारे तो आजार डब्यातून घरून घेऊन येत होते.

धुराचं म्हणाल तर टायटस सॉल्टची गोष्ट ऐका आणि तसं करू नका. अल्पाकाच्या कापडात गडगंज झालेला हा गृहस्थ १८४८ मध्ये ब्रॅडफर्डचा महापौर झाला आणि गिरणीवाल्यांच्या मागे लागला की धूर जाळणारी भट्टी बसवा. बाकीच्यांनी मान डोलावली आणि कोळसा टाकला. शेवटी त्यानंच गाव सोडलं. एअर नदीकाठी सॉल्टेर नावाची वसाहत उभारली, स्वतःच्या पन्नासाव्या वाढदिवशी, २० सप्टेंबर १८५३ ला, नवी गिरणी उघडली. मजुरांना दगडी घरं दिली, आणि खरं सांगायचं तर ती घरं ब्रॅडफर्डच्या तळघरांपेक्षा शंभर पटीनं चांगली होती. हे असं काहीतरी मध्येच निघतं आणि माझ्यासारख्या सल्लागाराची पंचाईत होते.

तरी सॉल्टकडूनही दोन गोष्टी घ्या. गल्ल्यांना बायकोमुलांची नावं द्या. मुलं अकरा होती, गल्ल्या पटापट संपल्या. कामावरून सुटलेला मजूर टायटस स्ट्रीटवरून वळून कॅरोलाइन स्ट्रीटला येतो, म्हणजे मालकाच्या घरातून मालकीणबाईंच्या दारात, पण वाटेत दारूचा गुत्ता कुठेच नाही, कारण तो मालकाला आवडत नाही. आणि पुतळा जिवंतपणीच उभारून घ्या. सॉल्टचा १८७४ मध्ये झाला, त्याच्या मृत्यूच्या दोन वर्षं आधी. मेल्यावर लोकांचा काय भरवसा?

सॅम्युअल लिस्टर या दुसऱ्या बड्या मालकानंही हेच केलं, पुतळ्याच्या उद्घाटनानंतर तीसएक वर्षं जगला. त्याच्या मॅनिंगहॅम मिलचं धुराडं २४९ फूट. रेशीम आणि मखमलीचा कारखाना. अमेरिकेनं आयातीवर जबर कर बसवला, तेव्हा १८९० च्या डिसेंबरात तिथे मजुरी कापल्याची नोटीस लागली. वेळ लक्षात घ्या, नाताळच्या तोंडावर. दोष अमेरिकेचा, कात्री मजुराच्या पगाराला, आणि मखमल जशीच्या तशी मऊ. मजूर एप्रिलपर्यंत संपावर राहिले आणि हरून परत आले. हा डाव मात्र थोडा उलटला, कारण चिडलेल्या लोकांनी राजकारण सुरू केलं आणि १८९३ मध्ये याच गावात इंडिपेंडंट लेबर पार्टी जन्मली. असो. तोवर तुम्ही निवृत्त झालेले असाल.

एक शेवटची सूचना. श्रीमंत झालात की गावात भव्य इमारत बांधावीशी वाटेल. बांधा, पण विद्वानाला सल्ला विचारू नका. ब्रॅडफर्डच्या व्यापाऱ्यांनी ही चूक केली. लोकरीचा नवा बाजार कुठल्या शैलीत बांधावा म्हणून १८६४ च्या एप्रिलमध्ये त्यांनी कलासमीक्षक जॉन रस्किनला भाषणाला बोलावलं. तो उभा राहिला आणि म्हणाला, तुमच्या या इमारतीचं मला काही पडलेलं नाही. तुमची खरी देवी म्हणजे पुढे-पुढे-जाण्याची देवी. तिचं देऊळ बांधताय तर वरच्या पट्टीवर लोंबत्या पैशांच्या थैल्या कोरा, आणि खांब बुंध्याशी रुंद ठेवा, जाहिराती चिकटवायला. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि व्हेनिसच्या धाटणीचा टोलेजंग बाजार बांधला, १८६७ मध्ये पुरा केला. दाराशी लोकर पिंजणाऱ्यांचा संत ब्लेझ उभा केला. थैल्या नाही कोरल्या. आज तिथे पुस्तकांचं दुकान आहे, म्हणजे जागा धंद्यातून अगदीच गेली म्हणायची.

पण हे फार पुढचं झालं. तुमचं अजून गोळ्यांवरच अडलंय. आधी घरात एक भाडेकरू ठेवा. तीन मैल चालणारा हवा, आणि पुडक्यात काय आहे हे न विचारणारा.