बर्फातली म्हाकुलं, जुलैतली सुरमई

मेलबर्नमध्ये ग्रीक वस्ती एवढी की ओकलीच्या पेठेत ग्रीक बोलणं सहज कानावर पडतं. परवा तिथून जरा दूर, एका साध्या ग्रीक हॉटेलात जेवलो. त्झात्झिकी म्हणजे आपली दह्यातली काकडीची कोशिंबीर, लसूण घातलेली. पण इतकी पाणचट की पावावर ठरेना. ग्रीक सॅलडमध्ये लेट्यूस, जो खऱ्या गावरान ग्रीक सॅलडमध्ये नसतोच. आणि म्हाकुलं, म्हणजे स्क्विड! मालवणात वाढलोय, म्हाकुल चुलीवरून कधी उतरवायचं ते पोरवयात कळतं. इथे माझा जबडा दुखला, म्हाकुल होतं तसंच राहिलं.

वाढणाऱ्या बाईंना विचारलं, ताजी आहेत का? 'नाही, फ्रोझन,' त्या सरळ म्हणाल्या. ग्रीसमध्ये हे मेनूवर छापावंच लागतं, म्हणे; पदार्थाच्या नावापुढे चांदणी काढतात. इथल्या कार्डावर ती नव्हती, मला विचारावं लागलं. तरी उत्तर मिळाल्यावर माझा राग निम्मा ओसरला. जेवण काही त्याने सुधारलं नाही, हेही खरं.

घरी आलो तर आमच्या भावकीच्या ग्रुपवर दर जुलैचं भांडण जुंपलेलं. कुणा पर्यटकाने सुरमई थाळीला 'शिळी आणि लूट' म्हटलं होतं. आमच्यांचं म्हणणं, मुंबईवाल्यांना भर पावसात सुरमईच हवी, आम्ही काय करणार? मला दोन्ही पक्ष थोडे थोडे पटतात. आपल्याकडे 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद. पूर्व किनाऱ्याची बंदी 14 जूनला संपते. म्हणजे जुलैतली सुरमई एकतर शीतगृहातली, नाहीतर तिकडून बर्फात आलेली. त्यात पाप काही नाही. पण पाटीवर 'ताजे मासे' कशाला?

आमच्या दादाची देवबागला खानावळ आहे. जुलैत त्याच्या स्वतःच्या ताटात काय असतं? पेज आणि भाजलेला सुको बांगडो, नशीब असलं तर खाडीच्या कुर्ल्या. गिऱ्हाइकाला मात्र हे हवंय का, असं तो कधी विचारतही नाही. त्याला म्हटलं, सुरमईपुढे 'बर्फातली' लिही, आणि खाली सुक्या बांगड्याची थाळी लाव.

'तसा लिवलंय तर कोण येतला?'

'मी येईन.'

'तू दोन वर्सान एकदा येतंस. ता पण फुकट जेवूक.'